जाहिरातीच्या वेळेतलं हवामान

देव आणि डास सोडले, तर माणसाच्या घरात केबलवाल्याइतकं आत कुणालाच जाता येत नाही. पोस्टमन दारात थांबतो, डॉक्टर बाहेरच्या खोलीत बसतो, पुढारी फाटकावरून हात जोडतो आणि निवडून आल्यावर फाटकही विसरतो. केबलवाला मात्र चपला काढून थेट आत, कारण टीव्ही आत असतो. इंदिरानगरात कुणाच्या टीव्हीमागे किती धूळ आहे, कुणाच्या सोफ्याखाली कुणाच्या मुलाची नापास झालेली उत्तरपत्रिका आहे, कुठल्या घरात सासू-सुनेचे दोन टीव्ही आहेत आणि कुठल्या घरात टीव्ही एकच पण युद्धं दोन, हे मला तोंडपाठ आहे. मी तोंड उघडलं तर निम्मी कॉलनी बिऱ्हाड उचलून सिन्नरला जाईल.

संपादक म्हणाले, "खंडूशेठ, अनुभव लिहा, पण खरंखरं लिहा." मी म्हटलं, नुसतं खरं लिहिलं तर पान भरणार नाही, मग उरलेल्या जागेत तुम्हाला उटण्याची जाहिरात टाकावी लागेल. तेव्हा बूस्टर लावून लिहितो. बूस्टर म्हणजे काय? वायर लांब गेली की सिग्नल दमतो. मग मध्येच एखाद्या खांबावर एक डबी बसवायची. सिग्नल तोच राहतो, फक्त अंगाने भरतो. माझ्या गोष्टींनाही मी तेवढंच करतो.

उदाहरणार्थ, एका पावसाळ्यात इगतपुरीच्या घाटावर वीज पडली, ती माझ्या वायरीत शिरली आणि सरळ इंदिरानगरात पगार काकांच्या घरी उतरली. टीव्हीचा प्लग काढून ठेवलेला होता, तरी त्या विजेवर काकांनी अख्खा क्रिकेटचा सामना पाहिला. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा. ते नाही म्हणतील, पण ते आपण सामना हरल्यामुळे.

आता धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मुंबईत एक मोठी कंपनी असते. आम्ही तिला 'वरची कंपनी' म्हणतो. चॅनल तिच्याकडे, सिग्नल तिचा. नाशिकची स्थानिक वाहिनीही तिचीच. तिच्याकडून एक जाड वायर माझ्याकडे येते आणि माझ्याकडून बारीक वायरी घरोघरी जातात. घरी टीव्हीशेजारी जो काळा डबा असतो, तो सेट टॉप बॉक्स. ते कुलूप समजा. टीव्ही तुमचा, भिंत तुमची, किल्ली मात्र मुंबईला. हे डबे येण्याआधी मीच राजा होतो. रविवारी कुठला सिनेमा लावायचा ते मी ठरवायचो. कुणाच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट लागायची, गणेश मंडळाची आरती लागायची, 'तपकिरी रंगाची कुत्री हरवली आहे, नाव सोनी' अशी पट्टी फिरायची आणि सोनी तासाभरात सापडायची. डबे आले आणि मी राजाचा हमाल झालो. त्याचं वाईट वाटतं, पण ते असो.

दुसरी गोष्ट वायरींची. माझं सगळं राज्य रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर लोंबकळत होतं. परवानगी होती का? महापालिकेची तोंडी होती. शब्द फक्त एकच होता, "बघू". या एका "बघू"वर मी संसार केला, पोरीचं लग्न केलं, घर बांधलं. पण ज्याने "बघू" म्हटलं त्याने उद्या नीट बघितलं, तर शिडीची गाडी यायला आणि माझं राज्य जमिनीवर यायला एक सकाळ पुरे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि तिसरी गोष्ट, ही नीट लक्षात ठेवा. केबलवाल्याकडे तक्रारी फक्त जाहिरातीत येतात. मालिका चालू असताना घराला आग लागली तरी बाई उठत नाही. जाहिरात लागली की उठते, आधी दूध बघते, मग मला फोन करते. "खंडूभाऊ, चित्र हलतंय." "खंडूभाऊ, आवाज पुढे, तोंड मागे." "खंडूभाऊ, ती सून फार चांगली होती हो, तिला का मारलं? कंपनीला सांगा ना." म्हणून माझ्या दुकानातल्या टीव्हीवर जाहिरात लागली रे लागली, की माझा अंगठा आपोआप रिमोटच्या आवाज बंद करायच्या बटणावर जायचा. आवाज बंद, फोन कानाला. इतकी वर्षं गेली, एकाही जाहिरातीत काय बोलतात ते मला माहीत नाही. मला अजून वाटतं, ती सगळी माणसं तोंडात साबणाचा फेस धरून हसतात.

तर शिरसाठ टीचर. हयात हरसूलच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन त्या इंदिरानगरात राहायला आल्या. उंचीने माझ्या खांद्याला, पण आवाज असा की हरसूलच्या वर्गात 'समुद्र' म्हटलं तर पेठच्या वर्गातली पोरं पाय वर घ्यायची. वरच्या कंपनीच्या नाशिकच्या वाहिनीवर त्यांचा शनिवारी संध्याकाळी, मालिकेच्या आधी, एक छोटा कार्यक्रम असायचा. नाव 'आठवड्याचं हवामान'. पांढऱ्या चादरीवर स्वतः रंगवलेला नाशिकचा नकाशा, हातात लाकडी पट्टी. नकाशात गोदावरी निळी, द्राक्षं हिरवी आणि हरसूलचे डोंगर इतके मोठे की हिमालयाने रजा टाकावी. हवामान मात्र पावसाचं नसायचं. पुढाऱ्यांचं असायचं.

"पंचवटीत घोषणांचे ढग दाटून येतील," त्या पट्टी फिरवत सांगायच्या, "पण पाणी टँकरनेच पडेल. सिडकोत खोदकामाची धूळ कायम. ज्यांच्या दारासमोर रस्ता आहे त्यांनी तो आजच डोळे भरून पाहून घ्यावा. मुंबईकडून निघालेले आश्वासनांचे वारे कसाऱ्यापर्यंत येतील, घाट चढताना दमतील आणि परत फिरतील."

लोक हसून हसून सोफ्यावरून पडायचे. मला दोन सोफे दुरुस्त करून द्यावे लागले. त्या कुठल्याच पक्षाला सोडत नव्हत्या, त्यामुळे सगळेच पक्ष समोरच्याच्या हवामानावर टाळ्या वाजवायचे. सगळं गोडीत चाललं होतं.

मग एका शनिवारी पट्टी आमच्या नाल्यावरच्या पुलावर आली. "इंदिरानगरच्या पुलावर उद्घाटनांची संततधार सुरूच," टीचर म्हणाल्या. "पूल तोच, फीत नवी. पूल खांबांवर उभा आहे की फितींवर, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. भाऊंचे वारे मतदानापर्यंत अतिशय उष्ण वाहतील. त्यानंतर थंड होऊन काचबंद गाडीत बसतील."

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. देहाने भव्य, मनाने त्याहून भव्य, फक्त हसणं थोडं जपून वापरणारे. पुढच्या शनिवारी टीचरांच्या जागी टीव्हीवर गुलाबाचं फूल आलं. खाली पट्टी, 'तांत्रिक कारणामुळे', आणि मागे बासरी.

मी वरच्या कंपनीच्या पाठक साहेबांना फोन लावला. पाठक साहेब म्हणजे आमच्या विभागाचे अधिकारी. माणूस सज्जन, पण फोनवर सुद्धा वाकून बोलतो.

"साहेब, हे फूल कशाला?"

"खंडूशेठ, वरून आलंय."

"वर म्हणजे किती वर? मी डिशच्या छत्र्या लावलेला माणूस आहे, मला दिशा लागते."

"चेष्टा नको. कार्यक्रम थांबवलाय."

"कुणी धमकावलं का तुम्हाला?"

"धमकावलं असतं तर बरं होतं, ओरडता तरी आलं असतं," साहेब म्हणाले. "नुसती चौकशी केली. तुमची जमिनीखालची वायर कुठून कुठे जाते, खोदायची परवानगी नीट आहे ना? बस, एवढंच."

"एवढंच?"

"एवढं पुरतं, खंडूशेठ."

मी फोन ठेवला. मुंबईत त्या कंपनीची काचेची इमारत आहे. इतकी उंच, की वरच्या मजल्यावरचा चहा खाली येईपर्यंत सरबत होतो. लाखो घरांत तिची वायर. आणि ती घाबरली कुणाला, तर एका बाईच्या लाकडी पट्टीला. मला आधी हसू आलं. मग माझ्या खांबांची आठवण झाली आणि हसू गिळलं.

पण इंदिरानगरने गिळलं नाही. पुढारी रागावले, याचा लोकांना राग नव्हता. पुढाऱ्याने रागवायचंच असतं, तो त्याचा धंदा. राग होता कंपनीचा. पहिले आले पगार काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त. काखेत सेट टॉप बॉक्स. त्याच्यावर विणलेला रुमाल, रिमोट अजून कंपनीच्याच प्लॅस्टिकमध्ये. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि रुमाल तेवढा काढून खिशात घातला.

"खंडू, हा पाठव मुंबईला. सांग त्यांना, एका बाईचं बोलणं सोसत नसेल तर तुमची बाकीची चॅनलंही आम्हाला सोसत नाहीत."

"काका, पुढच्या आठवड्यात क्रिकेट आहे."

काकांचा चेहरा पडला. डब्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं पोरीला सासरी पाठवताना बाप पाहतो. पण मागे वळले नाहीत.

मग सटाण्याच्या आहेर आजी आल्या. "हाई काय शे रे भाऊ?" त्या अहिराणीत ओरडल्या. "फूल दाखवतस? बाई कुठे शे मनी?" डबा धाडकन ठेवला. त्यांच्या डब्याला दसऱ्याचं हळदकुंकू लागलेलं होतं. त्यांच्यामागे अख्खी सोसायटी. डब्यांची रास वाढत गेली. विणलेले रुमाल, गणपतीचे स्टिकर, एकावर तर पोराच्या बारशाचा काळा दोरा बांधलेला. संध्याकाळपर्यंत दुकानात मला उभं राहायला जागा उरली नाही. मी डब्यांच्या गुहेत तपाला बसलो. येणारी जाणारी माणसं बाहेरून नमस्कार करायला लागली.

आणि मग जे झालं ते फक्त आमच्या लोकांकडूनच होऊ शकतं. क्रांतीचा विचार सगळ्यांनी केला होता. साडेसातच्या मालिकेचा कुणीच केला नव्हता.

आधी आहेर आजी आल्या, पाय मोकळे करायला म्हणून. डोळा मात्र दुकानातल्या टीव्हीवर. मग पगार काकू आल्या, कोथिंबीर घ्यायला निघाल्या होत्या म्हणे. माझ्या दुकानात कोथिंबीर कधीपासून मिळायला लागली ते मी विचारलं नाही. पाठोपाठ घरातल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन माणसं यायला लागली. ज्या कंपनीचे डबे सकाळी तोंडावर फेकले, त्याच कंपनीची मालिका संध्याकाळी माझ्या दुकानासमोर बसून, रस्ता अडवून, मन लावून पाहत होती. उपास धरायचा आणि शेजारी जाऊन भजी मोजायची, तसं.

"पगार काका," मी म्हटलं, "निषेध कुठे गेला?"

"निषेध घरी आहे," काका म्हणाले. "इथे आम्ही पाहुणे आहोत. थोडा सरक."

जाहिरात लागली. अंगठ्याने सवयीने आवाज बंद केला. मी फोनकडे हात नेला आणि हात तसाच राहिला. फोन वाजला नाही. वाजणार कसा? सगळे तक्रारवाले माझ्यासमोरच बसले होते. माझ्या आयुष्यातली ती पहिली शांत जाहिरात. गर्दी एकमेकांकडे बघत बसली. कुणीतरी हळूच म्हणालं, "आज शनिवार. टीचर आज काय म्हणाल्या असत्या?"

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. जिजींचा. जिजी म्हणजे भाऊंच्या आई. आयुष्य शेतात गेलं, आता मुलाच्या बंगल्यात तळमजल्यावर राहतात.

"खंडू, माझ्या टीव्हीवर टीचर येत नाय रं. लय वाट पाहिली. वायर बघून जा."

"वायर ठीक आहे, जिजी."

"मग बिघाड कुठं हाय?"

आता पाहा. सांगावं तर भाऊ, न सांगावं तर जिजी. माझ्या मनात माझे सगळे खांब एका रांगेत उभे राहिले आणि मान हलवून नाही नाही म्हणायला लागले. पण जिजींनी माझ्या पोरीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते.

"बिघाड तुमच्या वरच्या मजल्यावर आहे, जिजी."

"वरती तर भाऊचं ऑफिस हाय."

"तेच म्हणतो मी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली. फोन ठेवला गेला. संध्याकाळी जिजी दुकानात हजर. पदराखाली डबा, डब्यावर गुलाबी दोऱ्याने विणलेला पोपट.

"हा घे. टीचर दिसल्या की परत दे."

"जिजी, घरी काय सांगितलं?"

"काय सांगायचंय? माझा टीव्ही, माझा पोपट. त्याचं काय त्यात?" असं म्हणून जिजींनी पगार काकूंना सरकायला लावलं आणि बसल्या.

त्यानंतर दुसऱ्याच सकाळी भाऊंचा माणूस पिंटू मोटरसायकलवर आला. त्याने आधी डब्यांच्या राशीकडे पाहिलं, मग मान वर करून खांबाकडे पाहिलं.

"खंडूशेठ, तुमच्या वायरी लय लोंबतात हो. कुणाला लागायच्या."

"बघू," मी म्हटलं.

"आम्हीपण बघू," तो म्हणाला आणि गेला.

मी टीचरांकडे गेलो. नकाशाची चादर घडी घालून कपाटावर ठेवलेली. टीचरांनी मला लिंबाचं सरबत दिलं. मी आयुष्यात प्रथमच एखाद्या घरात गेलो आणि टीव्हीकडे बघितलं नाही.

"पाठक साहेब येऊन गेले काल," त्या म्हणाल्या. "लोकांनी डबे परत केले म्हणून वर जरा धावपळ झाली म्हणे. कार्यक्रम सुरू करू म्हणतात. फक्त काय बोलणार ते आधी त्यांना दाखवायचं."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, पाऊस आधी दाखवून पडत नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "खंडू, हरसूलला मी पोरांकडून शाळेच्या अंगणात पाऊस मोजून घ्यायचे. कुणाच्या घराचं छप्पर उडालेलं असायचं, कुणाचं भात वाहून गेलेलं. तरी जितका पडला तितकाच आकडा फळ्यावर लिहायचा. एकदा एका पोराने रडत सांगितलं, बाई, आज कमी लिहा, बाबा रडतायत. मी त्याला जवळ घेतलं. पण आकडा कमी लिहिला नाही. आता या वयात कमी लिहू?"

माझं तोंड बंद झालं. ही घटना इंदिरानगरच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

"टीचर," मी शेवटी म्हटलं, "कंपनीने तुमची वेळ काढून घेतली. पण माझ्या दुकानात जाहिरातीची वेळ मोकळी पडलीय. आवाज मी बंद करतो. ती जागा ना मुंबईची, ना भाऊंची. येता?"

त्यांनी कपाटावरची चादर काढली.

मग काय सांगू! मालिकेत सासू सुनेकडे रोखून बघायची, ढॅण ढॅण ढॅण वाजायचं, जाहिरात लागायची. मी आवाज बंद करायचो आणि टीव्हीशेजारी टीचर उभ्या. जाहिरात संपली की त्या बसायच्या, पुढची लागली की उठायच्या. दोन जाहिरातींत पंचवटी, पुढच्या दोनांत सिडको. लोक इतके तयार झाले की मालिका लांबली की ओरडायचे, "अरे, जाहिरात लावा!" मी कंपनीच्या वतीने सांगतो, जगात कुठल्याही प्रेक्षकाने असं आजवर म्हटलेलं नाही. गर्दी वाढत वाढत पाथर्डी फाट्यापर्यंत गेली. फाट्यावरच्या माणसांना ऐकू जात नव्हतं, ती इथल्या हसण्यावर हसायची.

आणि मग एका संध्याकाळी भाऊ आले. गाडी लांब उभी केली, पांढरे कपडे, मागे पिंटू. गर्दीने आपोआप वाट दिली. भाऊ जिजींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"जिजी, घरी चल. रोज काय हे लोकांत?"

"जाहिरात लागू दे," जिजी म्हणाल्या, डोळे टीव्हीवरून न काढता. "उभा राहा गप."

जाहिरात लागली. कुठलीशी दंतमंजनाची, मोठ्याने गाणं. टीचर उठल्या, चादरीवरच्या नकाशापाशी गेल्या. पण त्या बोलेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिजींनी पाहिलं, पगार काकांनी पाहिलं, भाऊंनी पाहिलं. सगळ्यांची नजर माझ्या अंगठ्यावर.

कारण आवाज अजून चालू होता.

मित्रहो, माझ्या या अंगठ्याने आजवर हजारो वेळा ते बटण दाबलं असेल, विचार न करता. त्या दिवशी तो अंगठा वजनाने गोदावरीच्या पुलाएवढा झाला. मी दाबलं नसतं, तर काहीच बिघडलं नसतं. दंतमंजन ओरडत राहिलं असतं, टीचर बसल्या असत्या, खांब उभे राहिले असते आणि कुणी मला दोषही दिला नसता. 'तांत्रिक कारण' झालं असतं. तेव्हा मला कळलं, की काचेच्या इमारतीत सुद्धा कुणीतरी असाच एक अंगठा घेऊन बसला असेल. बिचारा.

मी बटण दाबलं.

त्या शांततेत टीचर भाऊंकडे न पाहता, नकाशाकडे पाहत बोलल्या. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "इंदिरानगरच्या पुलावर उद्घाटनांची संततधार थोडी कमी झाली आहे. पुलाच्या पलीकडच्या वस्तीत पिण्याचं पाणी अजून पोहोचलेलं नाही. भाऊंचे वारे आज स्वतः इथवर आले आहेत. ते कुठल्या दिशेने वाहतात ते पाहून पुढच्या वेळी सांगता येईल. आत्ता अंदाज देणं घाईचं होईल."

कुणी हसलं नाही. मग जिजी हसल्या. एकट्याच, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. भाऊंच्या चेहऱ्यावर ढग आले, गेले, परत आले. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण आईच्या खांद्यावर हात ठेवलेला होता आणि तो खांदा हसून हलत होता. हलणाऱ्या खांद्यावर हात ठेवून रागावता येत नाही. करून पाहा.

तेवढ्यात पडद्यावर मालिका परत सुरू झाली. सासू ओठ हलवत होती, सून रडत होती, सगळं बिनआवाजी. आणि ही सगळी मालिकेसाठी जीव टाकणारी माणसं, आहेर आजी, पगार काकू, कुणी म्हणजे कुणी म्हणालं नाही, "खंडू, आवाज सोड."

भाऊ जिजींना घेऊन गेले. पिंटू जाताना खांबाकडे बघून गेला.

सकाळी माझ्या सगळ्या वायरी रस्त्यावर पडलेल्या होत्या. कुणी कापल्या ते मी पाहिलं नाही. शिडीच्या गाडीचं नाव घेऊन गाडीला कशाला बदनाम करू? या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या वायरींची वेटोळी, जसा काही शेषनाग कात टाकून गेला. मी त्या वेटोळ्यांमध्ये उभा राहिलो. प्रत्येक तुकडा कुठल्या गच्चीवरून कुठल्या खिडकीत जात होता ते मला सांगता आलं असतं. खोटं बोलत नाही, डोळ्यांत पाणी आलं. बूस्टर न लावता.

मग सवयीने मी फोनपाशी जाऊन बसलो. आता वाजेल, मग वाजेल. एकाही घरातून तक्रार आली नाही. कारण कुणाचा टीव्ही बंद पडलाच नव्हता! सगळ्यांचे डबे माझ्याच दुकानात होते. अख्ख्या भागातला फक्त एक टीव्ही बंद पडला, तो माझा. इतकी ताकद लावून त्यांनी माझी एक मालिका चुकवली.

वरच्या कंपनीने ती जाड वायर परत जोडली नाही. पाठक साहेब म्हणाले, "खंडूशेठ, वरून आलंय." मी या वेळी दिशा विचारली नाही. काही लोक क्रिकेटच्या दिवसांत लाजत लाजत येऊन आपापले डबे घेऊन गेले. मी त्यांच्यावर रागावलो नाही. पगार काका दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले, याची मला जास्त गंमत वाटली. आता लोक मोबाइलवर सगळं बघतात आणि एकेकटे हसतात. धंदा म्हणून काही उरलं नाही. राहिलेल्या डब्यांना मी या दसऱ्याला झेंडू वाहिला, गुलाबी पोपटाला जरा जास्त.

पण वायरी कापल्या त्याच संध्याकाळचं सांगतो आणि थांबतो. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. वाटलं, आज कुणी येणार नाही, यायला कारणच उरलं नाही. साडेसातला बाहेर खुर्च्या ठेवल्याचा आवाज. आहेर आजी. काकू, कोथिंबिरीसकट. मग भाऊंची गाडी येऊन थांबली. गाडीतून पिंटू उतरला. त्याच्या डोक्यावर गादीची एक मोठी खुर्ची. ती त्याने पहिल्या रांगेत ठेवली, पुसली, आणि मागून जिजींना हाताला धरून आणून बसवलं.

"भाऊंनी पाठवलीय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जिजींची कंबर दुखते तुमच्या स्टुलावर."

टीचर आल्या. काळ्या पडलेल्या टीव्हीकडे त्यांनी पाहिलं. मी उठलो, त्यांच्या हातून चादर घेतली आणि टीव्हीवरूनच पसरली. नकाशा पडद्यावर बरोबर बसला, फक्त हरसूलचे डोंगर बाहेर आले.

"आज मालिका नाही?" टीचरांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे जाहिरातही नाही."

"नाही, टीचर."

"मग घाई नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पट्टी हरसूलवर टेकवली आणि अगदी वरून, डोंगरापासून सुरुवात केली.